बुंधा कोरडा, मुळं ओली: फ्रीमॉन्टच्या अंगणातली दोन प्लमची झाडं

२०१७ च्या एप्रिलमधली गोष्ट. झाडं तपासायला आलेल्या माणसानं आमच्या कॅलिफोर्नियातल्या घराच्या पुढच्या अंगणातल्या प्लमच्या बुंध्याशी गुडघे टेकले, तिथं साठलेला लाकडाचा चुरा दोन्ही हातांनी बाजूला सारला आणि जमिनीलगतची साल चाकूच्या टोकानं नखाएवढी खरवडली. साल जिवंत असती तर आत हिरवट-पांढरा ओला थर दिसला असता. आत तपकिरी होतं आणि आंबूस वास येत होता. चार बोटं पुढे सरकून त्यानं पुन्हा खरवडलं, पुन्हा तपकिरी. असं करत तो झाडाभोवती पूर्ण फिरला. घेराच्या चार हिश्श्यांपैकी तीन हिस्से मेलेले होते. वर मात्र एका बाजूच्या फांदीवर जांभळी पालवी डुलत होती, आणि रस्त्यानं जाणारे अजूनही मान वर करून बघत होते.

ते झाड गेलं. त्याच्यापासून दहा फुटांवर लावलेलं दुसरं आज आठव्या वर्षात आहे आणि ठणठणीत आहे. दोन्ही झाडांच्या वाट्याला सारखंच आलं: आधी काही वर्षांचा दुष्काळ, पाठोपाठ झोडपून काढणारा हिवाळी पाऊस. एक टिकलं नाही, दुसरं टिकलं. मधल्या काळात आम्ही काय बदललं ते तारखांसकट लिहून ठेवते आहे, कारण दर फेब्रुवारीत ओळखीच्या मराठी घरांमधून या झाडाच्या फुलांचे फोटो येतात आणि त्याच घरांमधून ऑगस्टमध्ये विचारणा होते की पानं आत्ताच का गळायला लागली. फुलं वर असतात म्हणून सगळ्यांचं लक्ष वर असतं. झाडाचं बरंवाईट ठरतं ते जमिनीलगतच्या वीतभर खोडात.

झाड कोणतं

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या पूर्वेला, आमच्या फ्रीमॉन्टमध्ये आणि आजूबाजूच्या गावांत, जुन्या वसाहतींच्या पुढच्या अंगणांमध्ये हे झाड पावलोपावली दिसतं. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात फांद्यांवर एकही पान नसताना फुलं येतात. आपल्याकडे सावर आणि पांगारा निष्पर्ण फांद्यांवर फुलतात ना, तोच थाट. फक्त फूल नाजूक, पाच पाकळ्यांचं, जेमतेम दोन सेंटिमीटरचं आणि रंग पांढऱ्याकडे झुकलेला गुलाबी. दोन आठवड्यांत पाकळ्या झडतात, पाठोपाठ गडद जांभळी पालवी येते आणि ती थेट दिवाळीपर्यंत टिकते. म्हणून फुलं नसतानाही झाड उठून दिसतं.

शास्त्रीय नाव प्रुनस सेरासिफेरा, म्हणजे चेरीएवढ्या फळाचं प्लम. आग्नेय युरोप आणि पश्चिम आशियातलं हे झाड मुळात हिरव्या पानांचं. जांभळ्या पानांचा वाण इराणच्या शहाच्या पदरी असलेल्या पिसार नावाच्या फ्रेंच माळ्यानं १८८० च्या सुमारास फ्रान्सला पाठवला, आणि आज जगभरातल्या बागांमध्ये दिसणारी बहुतेक जांभळी प्लम त्याच वंशातली आहेत. आमच्यापासून मोटारीनं दोनेक तासांवर सँटा रोझा गावात ल्यूथर बरबँक यांची बाग आहे. खाण्याच्या प्लममध्ये त्यांनी केलेलं काम सर्वश्रुत आहे. १९०६ चं सँटा रोझा प्लम अजून बाजारात मिळतं. ती बाग बघून आल्यावर माझा अंगणातल्या झाडाकडे बघायचा डोळाच बदलला. शोभेचं म्हणून वेगळं काढलेलं हे झाड अखेर प्लमच आहे, आणि फळबागेतल्या प्लमला जे जे होतं ते सगळं त्यालाही होतं.

पुण्या-नाशिकचे नातेवाईक हमखास विचारतात, आपल्याकडे लावता येईल का. नाही. या झाडाला हिवाळ्यात बराच काळ सलग थंडी लागते, ती मिळाली नाही तर फांद्यांवरचे डोळे धड फुटत नाहीत. महाबळेश्वरची थंडीही त्याला पुरायची नाही. हिमाचल-काश्मिरात आलुबुखार होतो तिथं हे होईल. हिमालयात आणि शिलाँगकडे याच कुळातलं पद्म नावाचं रानचेरीचं झाड आहे, ते पावसाळा संपल्यावर फुलतं. बघायचंच असेल तर नोव्हेंबरात शिलाँगला जावं. इंग्रजीत जांभळालाही प्लम म्हणण्याची पद्धत आहे, पण आपल्या जांभळाचं या कुळाशी काही नातं नाही.

पहिलं झाड: पाणी तोडलं तो उन्हाळा

आम्ही २००८ साली घर घेतलं तेव्हा झाड अंगणाच्या मधोमध, हिरवळीत उभं होतं. खोडाच्या जाडीवरून वय वीसच्या पुढे वाटायचं. या जातीचं आयुष्यच वीस-तीस वर्षांचं असतं, तेव्हा ते उतारवयाकडे निघालं होतं हे खरं. पण उतारवय म्हणजे मरण नव्हे, आणि त्या मरणात आमचा वाटा किती होता हे मला नंतर कळलं.

हिरवळीला तुषार सिंचन होतं. रोज पहाटे दहा मिनिटं. त्यातला एक फवारा थेट खोडावर बसायचा, आणि वर्षानुवर्षं तो तसाच बसत होता. हिरवळ कापणारा माणूस बुंध्याजवळचं गवत दोरीच्या यंत्रानं साफ करायचा, त्या दोरीचे व्रण सालीवर कमरपट्ट्यासारखे उमटले होते. आम्ही ते पाहिले होते, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. रोजच्या वरवरच्या पाण्यामुळे झाडाची अन्न ओढणारी मुळं हिरवळीच्या मुळांमध्येच, वरच्या वीतभर मातीत राहिली. खाली जायची त्यांना गरजच पडली नाही.

मग दुष्काळ आला. कॅलिफोर्नियात जानेवारी २०१४ मध्ये दुष्काळी आणीबाणी जाहीर झाली आणि एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शहरांच्या पाणीवापरात २५ टक्के कपातीचा आदेश काढला. आमच्या गल्लीत सगळ्यांनीच हिरवळी सोडल्या. आम्हीही मे महिन्यात सिंचनाची कळ बंद केली. हिरवळीवर पुठ्ठे अंथरले, त्यावर लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादन पसरलं. जाहिरातींमध्ये दाखवतात तशी नीटस बाग तयार झाली. पण झाडाच्या वाट्याचं पाणीही त्याच कळीतून येत होतं, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. इथं मे ते सप्टेंबर पाऊस पडतच नाही. पंचवीसेक वर्षं रोज पाणी पिणाऱ्या झाडाला आम्ही एका दिवसात पाच महिन्यांच्या कोरड्यात ढकललं.

दुसरी चूक आच्छादनाची. चुरा उरला होता, तो मी बुंध्याभोवती टेकडीसारखा रचला, जवळजवळ वीतभर उंच. मुळांना गारवा मिळेल असं वाटलं. मुळांच्या पसाऱ्यावर तो चुरा हवाच होता, पण खोडाला टेकवला ते चुकलं. खोडाची साल हवेत राहण्यासाठी असते. ती सतत दमट राहिली की मऊ पडते आणि बुरशीला आत शिरायला वाट मिळते.

फेब्रुवारी २०१६ मध्ये झाड असं काही फुललं की आधी कधी तसं पाहिलं नव्हतं. आम्ही हरखलो. जीवावर बेतलं की कधीकधी झाड सगळी शक्ती फुलोऱ्यात ओततं, हे आता माहीत आहे. त्या उन्हाळ्यात पानं लहान आली, ऑगस्टच्या मध्यालाच गळायला लागली. दक्षिणेकडची एक मोठी फांदी वाळली. बुंध्याच्या वरच्या अंगाला मधाच्या रंगाचे डिंकाचे गोळे दिसायला लागले, आणि माझ्या मुलीनं ते काचेचे मणी म्हणून गोळा केले.

२०१६-१७ चा हिवाळा उत्तर कॅलिफोर्नियासाठी अतिपावसाचा ठरला. फेब्रुवारीत ओरोव्हिल धरणाचा सांडवा फाटला आणि खालच्या भागातल्या लोकांना घरं सोडावी लागली, तोच हिवाळा. आमच्या चिकणमातीत पाणी आठवडेच्या आठवडे उभं होतं. एप्रिलमध्ये झाडाच्या फक्त एका अंगाला पालवी आली, तेव्हा आम्ही तज्ज्ञाला बोलावलं.

त्याचं निदान बुंधाकुजेचं होतं. फायटोफ्थोरा या सूक्ष्मजीवामुळे हा रोग होतो. तो ओल्या मातीत वाढतो आणि साचलेल्या पाण्यातून पोहत मुळांपर्यंत, बुंध्यापर्यंत पोचतो. रोग बहुधा फवारा खोडावर बसत होता त्या काळातच दोरीच्या व्रणांमधून आत शिरला असावा, दुष्काळानं झाडाची प्रतिकारशक्ती गेली, चुऱ्यानं साल दमट ठेवली आणि पावसानं शेवट केला, असा क्रम त्यानं सांगितला. वाचवायचा उपाय आहे का, असं विचारलं. घेराचा पाऊण भाग गेल्यावर पानांतलं अन्न मुळांकडे उतरायलाच वाट राहत नाही, तो म्हणाला.

रात्री फोनवर हे सगळं अण्णांना सांगितलं. माझे वडील निफाड तालुक्यातले द्राक्षबागाईतदार. त्यांनी डिंक कुठून येतो एवढंच विचारलं, आणि मी सांगताच म्हणाले, ‘‘अगं, मग हा डिंक्याच की. संत्र्याला येतो तो. नागपूरकडं त्याच्यापायीच तर दुहेरी आळं करतात. आतलं आळं खोडाभोवती कोरडं, पाणी बाहेरच्या आळ्यात.’’ मी थोडा वेळ बोलूच शकले नाही. प्लमचं झाड परदेशी आहे या समजुतीत मी इतकी होते की आपल्याकडचं शहाणपण इथं चालेल हे मनातच आलं नव्हतं.

सप्टेंबर २०१७ मध्ये झाड काढलं. खोडाच्या कापावर जांभळट लाल गाभा होता. त्याची एक चकती मी ठेवली आहे.

दुसरं झाड: वाण, जागा, उंचवटा

पुन्हा प्लमच लावायचं हे घरात एकमतानं ठरलं, कोणतं यावर मात्र दोन महिने गेले. थंडरक्लाउड सगळीकडे मिळतं, रंग चांगला, पण वीस फूट उंच आणि तितकंच रुंद होतं, आणि कधीकधी बऱ्यापैकी फळ धरतं. क्राउटर व्हेसुव्हियस जास्त गडद, उभट, फळ क्वचित. ब्लिरियाना हा संकर आहे: एका बाजूनं पिसारचं जांभळं प्लम, दुसऱ्या बाजूनं चीन-जपानचं प्रुनस मुमे. त्याची फुलं दुहेरी पाकळ्यांची, सुगंधी आणि फळ नाही. आमच्या गल्लीतून रोज फिरायला जाणाऱ्या एक चिनी आजी जुन्या झाडाला ‘मेइ-ह्वा’ म्हणायच्या. त्यांच्याकडे थंडीत फुलणाऱ्या मुमेचं ते नाव. त्यांच्यासाठी तरी ब्लिरियाना आणावं असं मला वाटत होतं. पण त्या हंगामात चांगल्या मुळांचं रोप कुठंच मिळालं नाही. अखेर क्राउटर व्हेसुव्हियस घेतलं, कारण पुढचा पादचारी रस्ता सार्वजनिक आहे आणि पिकली फळं त्यावर पडून कुणी घसरलं तर ते आम्हाला नको होतं.

रोप जानेवारीत घेतलं, उघड्या मुळांचं. इथं डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात झाडं सुप्तावस्थेत असताना कुंडी-मातीशिवाय, नुसत्या मुळांवर विकतात. ती स्वस्त असतात. पण माझ्या दृष्टीनं खरा फायदा हा की मुळं डोळ्यांनी दिसतात. कुंडीतल्या झाडाची मुळं आत गोल फिरलेली असतात, आणि तीच पुढे दहा वर्षांनी खोडाला फास लावतात. आम्ही अंगठ्याएवढ्या जाडीचं, चारही बाजूंना मुळं पसरलेलं रोप निवडलं. मोठं रोप घेऊ नये. लहान रोप मुळं धरून दोन-तीन वर्षांत मोठ्याला गाठतं.

जागा जुन्या खड्ड्यापासून दहा फूट दूर धरली. जुन्या मुळांचे अवशेष, कुजणारं लाकूड आणि तोच रोगजंतू असलेल्या मातीत त्याच कुळातलं झाड लावणं म्हणजे पोराला आजाऱ्याच्या अंथरुणावर झोपवणं. खणण्याआधी ८११ ला फोन केला. अमेरिकेत हा क्रमांक फुकट आहे, माणसं येऊन गॅस-पाणी-विजेच्या वाहिन्या जमिनीवर रंगानं आखून देतात. आमची गॅसची वाहिनी आम्ही ठरवलेल्या जागेपासून चार फुटांवर निघाली.

निचऱ्याची परीक्षा सोपी असते, आणि ती कुणी करत नाही. एक फूट खोल खड्डा घ्यायचा, काठोकाठ पाणी भरायचं, ते जिरलं की पुन्हा भरायचं आणि दुसऱ्या वेळी तासाला पाणी किती उतरतं ते मोजायचं. तासाला इंचभर तरी उतरायला हवं. आमच्या खड्ड्यात एक सेंटिमीटर उतरलं. एवढ्या एका मोजणीनं मला जुन्या झाडाच्या शेवटच्या हिवाळ्याबद्दल जितकं सांगितलं तितकं कशानंच नाही.

माती बदलण्याचा मोह होतोच. खड्डा भरून छान खतमाती घालावी असं वाटतं. पण चिकणमातीतला असा खड्डा म्हणजे पाणी धरणारं भांडं होतं, मुळं त्याच्या बाहेर जात नाहीत आणि आतच बुडतात. आम्ही खड्डा जवळजवळ केलाच नाही. पाच फूट रुंद, फूटभर उंच असा उंचवटा त्याच अंगणातल्या मातीचा रचला, खालची जमीन कुदळीनं फक्त भेगाळून घेतली, आणि रोप त्या उंचवट्यावर बसवलं. मुळं जिथून फुटतात तो फुगीर भाग मातीच्या वर दोन बोटं उघडा राहील असं बघितलं. माती नंतर बसते, म्हणून सुरुवातीलाच जास्त वर ठेवलं. दोन बाजूंना दोन खुंट्या ठोकून सैल बांधलं, वाऱ्यानं थोडं हलेल इतकं. हललं तरच खोड जाड होतं. वर्षानं खुंट्या काढल्या. मुळांच्या पसाऱ्यावर चार इंच चुरा, पण खोडाभोवती वीतभर मोकळं वर्तुळ. ते वर्तुळ मी आजही दर महिन्याला हातानं साफ करते, कारण चुरा घरंगळत खोडाकडे येतोच.

खोडाला जमिनीपासून पहिल्या फांदीपर्यंत पांढरा रंग दिला. घरातल्या भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग, निम्मं पाणी घालून. कोवळी साल उन्हानं भाजली की तिथं खोडकिडा शिरतो. आपल्याकडे गेरू-चुना लावतात, तसंच.

अण्णांचा उन्हाळा

२०१९ मध्ये द्राक्षाचा हंगाम आवरून, खरड छाटणी (हंगामानंतर वेलींची होते ती) भावावर सोपवून अण्णा सहा महिन्यांसाठी आले. पहिल्या संध्याकाळी त्यांनी उंचवट्याजवळची माती मुठीत घेतली, दाबली, सोडली. ‘‘ही तर आपलीच काळी,’’ म्हणाले. ‘‘वाफसा आला की पाणी दे. वेळापत्रकावर झाड पोसू नकोस.’’ वाफसा म्हणजे मातीत ओल आहे, पण चिखल नाही अशी स्थिती.

पहिल्या उन्हाळ्यात मी तळाला बारीक भोक पाडलेल्या पाच गॅलनच्या, म्हणजे सुमारे १९ लिटरच्या दोन बादल्या आठवड्यातून एकदा भरून ठेवत होते, खोडापासून दीड फुटावर. अण्णांनी मातीत हात घातला आणि बादल्या आणखी फूटभर लांब सरकवल्या. दर पावसाळ्यानंतर तेवढ्याच सरकवायच्या, मुळं पाण्याच्या मागे बाहेर जातात, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या उन्हाळ्यात तीन बादल्या दर दहा दिवसांनी. तिसऱ्या वर्षी ठिबकची नळी वर्तुळात टाकली आणि तीन आठवड्यांतून एकदा, पण फूट-दीड फूट खोल ओल जाईपर्यंत तासन्‌तास सोडायला लागलो. पाणी कमी वेळा, पण भरपूर, आणि बुंध्यापासून दूर.

मे महिन्यात बुंध्याखालून एक तरतरीत फुटवा आला, लख्ख हिरव्या पानांचा. मला वाटलं झाडाचं काही बिनसलं. अण्णा हसले नाहीत, नीट बसून त्यांनी दाखवलं. ‘‘खुंट फुटलाय. वरचं कलम वेगळं, खालचा खुंट वेगळा. आपली थॉमसन डॉगरिजवर असते की नाही? डॉगरिज तुमच्याच टेक्सासचा.’’ खरंच आहे ते. नाशिकच्या द्राक्षबागा ज्या खुंटावर उभ्या आहेत तो डॉगरिज मूळचा टेक्सासमधला रानटी वेल. प्लमचा खुंट बहुधा हिरव्या पानांचं प्लमच असतो, वाढीला जोरदार. त्याला राहू दिलं तर दोन-चार वर्षांत तो जांभळ्या कलमाला मागे टाकतो. आमच्या भागात अर्धं हिरवं, अर्धं जांभळं असं झाड दिसतं, ते बहुधा याच हयगयीमुळे. फुटवा कात्रीनं कापायचा नाही, कापला तर तिथून चार येतात. माती उकरून, जिथून निघाला तिथून हिसडून काढायचा. तेवढ्या एका कामासाठी मी मनातल्या मनात अण्णांना दरवर्षी नमस्कार करते.

छाटणीवरून मात्र आमचं जुंपलं. ऑक्टोबरात छाटल्याशिवाय फुटणार कसं, हे त्यांचं चाळीस वर्षांचं गणित. मी सांगितलं की या झाडाचे फुलांचे डोळे आधीच्या उन्हाळ्यात गेल्या हंगामाच्या काडीवर आणि आखूड, खुरट्या फांद्यांवर तयार होतात. ते विचारात पडले. द्राक्षातही खरड छाटणीनंतर काडीतल्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते, माल आधीच काडीत असतो, ते त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक. फरक इतकाच की द्राक्षाचे डोळे मोजून त्यांच्यापुढे काडी छाटता येते आणि झाड त्या छाटणीवरच फुटतं. प्लमला ऑक्टोबरात कात्री लावली तर प्रत्येक कापाबरोबर फेब्रुवारीची फुलं खाली पडतात. शिवाय ऑक्टोबरनंतर इथं पावसाळा, आणि ओल्या जखमेतून फांद्या वाळवणाऱ्या बुरशी आणि जिवाणू आत शिरतात. अण्णा म्हणाले, ‘‘म्हणजे इथला पावसाळा उलटा, तर छाटणीही उलटी.’’ तेव्हापासून नियम ठरला: एकमेकींवर घासणाऱ्या, आत वळलेल्या फांद्या जुलैच्या कोरड्या दिवसांत काढायच्या, थोड्या. टोकं छाटून झाडाला टोपी घालायची नाही. तसं केलं की उभे बाण सुटतात, आणि नैसर्गिक डौल परत येत नाही.

मावा, रंग आणि काही फळं

त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोवळी पानं मुठीसारखी आवळली होती. उलगडलं की आत मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे. चिकटा खालच्या बाकावर ठिबकत होता आणि त्यावर मुंग्यांची रांग. मी काही फवारलं नाही. पाण्याचा जोरदार फवारा आठवड्यातून दोनदा पानांच्या खालून मारला, आणि खोडावर कापडी पट्टी गुंडाळून तिच्यावर मुंग्यांसाठी चिकट लेप लावला. मुंग्या माव्याची राखण करतात. त्या थांबल्या की ढालकिडे मोकळे होतात. मे संपेपर्यंत ढालकिड्यांच्या काळ्या-नारिंगी अळ्यांनी काम उरकलं होतं. नत्राचं खत दिलं की मावा दुप्पट येतो, म्हणून झाडाला कंपोस्टखेरीज काही मिळत नाही.

पानांचा जांभळा रंग उन्हावर ठरतो. शेजारच्या रेडवूडची सावली पडते त्या पश्चिमेच्या फांद्या जुलैपर्यंत हिरवट तांबूस होतात. दिवसाला सहा तास ऊन नसेल तर हे झाड लावूच नये असं मी स्पष्ट सांगते.

आणि हो, फळ. रोपवाटिकेच्या चिठ्ठीवर वाण फळ न धरणारा म्हणून होता, पण २०२२ मध्ये तीसेक फळं लागली. वाण खरंच तोच आहे का, याची मला शंका आहे. पानं अपेक्षेइतकी गडद नाहीत. फळं चेरीहून जरा मोठी, सालीशी आंबट, आत रसाळ. गूळ, जिरं आणि सुकी मिरची घालून चटणी केली ती घरात सगळ्यांनी मागून खाल्ली. बिया मात्र टाकून द्यायच्या, वाटणात जाऊ द्यायच्या नाहीत. बीच्या आतल्या गरात सायनाइड तयार करणारा घटक असतो.

तेच दोन घाव

२०२१ मध्ये पुन्हा दुष्काळी आणीबाणी. पाणी पुन्हा मोजून. या वेळी झाडाला आधीपासूनच तीन आठवड्यांतून एकदाची सवय होती. न्हाणीघरातलं पाणी गरम होईपर्यंत जे वाहून जातं ते बादलीत धरून तेवढ्यावर आम्ही दोन उन्हाळे काढले. ऑगस्टमध्ये पानं गळली नाहीत. मला तेवढंच पाहायचं होतं.

मग २०२२ च्या डिसेंबरअखेरीपासून तीन आठवडे वादळामागून वादळ आलं. अंगणात घोट्याएवढं पाणी होतं आणि उंचवटा त्यात बेटासारखा उभा. समोरच्या घरचं जुनं प्लम, अजूनही हिरवळीत असलेलं, एका रात्रीत मुळासकट कललं. आमच्या झाडाच्या बुंध्याची साल मी हात लावून बघत होते, कोरडी होती.

त्या वर्षी थंडी लांबली, फेब्रुवारीच्या शेवटी पूर्वेकडच्या डोंगरांवर बर्फ पडलं. फुलं उशिरा आणि भर पावसात उमलली, त्यामुळे बरीचशी तपकिरी होऊन फांदीलाच चिकटून राहिली. मोनिलिया बुरशीचा हा करपा फुलातून काडीत उतरतो. कोरडा दिवस बघून रोगट काड्या निरोगी लाकडात वीतभर खाली कापल्या, प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटनं पुसली आणि कापलेलं सगळं कचऱ्याच्या पिशवीत भरलं, कंपोस्टमध्ये टाकलं नाही. फुलोऱ्यावर औषध मारायचा सल्ला मिळाला होता, पण तेव्हा झाडावर मधमाश्या असतात. याच दिवसांत सेंट्रल व्हॅलीत बदाम फुलतो, तेही याच कुळातलं झाड, आणि त्यासाठी देशभरातून मधमाश्यांच्या पेट्या ट्रकांनी येतात. आमच्या अंगणातल्या माश्या कुठल्या कुणास ठाऊक, पण त्यांच्यावर मी विष फवारणार नाही. दहाबारा काड्या गेल्या. पुढच्या वर्षी करपा आला नाही.

या फेब्रुवारीत, २०२५ मध्ये, पहिलं फूल ४ तारखेला उमललं. झाड पंधरा फुटांच्या आसपास, खोड माझ्या मनगटाच्या दुपटीहून जाड. बुंध्यावर डिंक नाही. एक लहानसा थेंब उत्तरेच्या फांदीच्या बेचक्यात आहे, तिथं दुसरी फांदी घासते. त्या फांदीला मी पांढऱ्या खडूनं खूण केली आहे. ती जुलैत काढायची, म्हणजे जखम भरायला पावसाआधी तीन महिने मिळतील. ठिबकच्या नळीचं वर्तुळ आणखी फूटभर बाहेर सरकवायचं आहे, नळी अजून गॅरेजमध्ये आहे.